स्वयंपाकघरातली लाल खूण

नकाशावरची लाल खूण आमच्या दुकानाच्या शटरवर पडत नाही. ती शटरच्या डावीकडे, माणूस आडवा मावेल इतकी सरकून, स्वयंपाकघरावर पडते. फोनवर दोन बोटांनी नकाशा मोठा करत नेला की खुणेचं टोक ओट्यावर, नळ आणि भांडी निथळायची जाळी यांच्या मधे येऊन थांबतं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एवढी चूक चालत नाही. नकाशांच्या मानाने ती किरकोळ समजली जाते.

परिणाम मात्र किरकोळ नव्हता. घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं की लोक फोनवर जवळचा दुरुस्तीवाला शोधत, पहिल्याच ओळीत एक नाव येई, आणि लोक खुणेमागे चालत चालत आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. शेजारच्या शटरकडे कोणी बघत नसे. शटरला कुलूप होतं, कुलपावर धूळ होती, आणि फोनवर हिरव्या अक्षरांत 'आता उघडे आहे' असं लिहिलेलं असे.

दुकान बाबांचं. ते गेल्यापासून बंद होतं. ते असताना मीच त्यांचं दुकान नकाशावर नोंदवलं होतं. त्यांनी फोन लांब धरून ती नोंद एकदा पाहिली आणि विचारलं होतं, याला अधूनमधून तेलपाणी करावं लागतं का. मी नाही म्हणाले. बाबा गेल्यावर त्या नोंदीकडे कोणी फिरकलं नाही, आणि मालक फिरकत नसलेली जागा कुणालाही आपली म्हणता येते. प्रत्यक्षात याला पुष्कळ वेळ आणि वकील लागतात. नकाशावर एक बटण असतं.

आधी फोन नंबर बदलला. मग नाव बदललं. नव्या नावात 'तत्पर', 'घरगुती' आणि 'तुमच्या शेजारी' हे सगळे शब्द एका ओळीत बसवले होते. मग वेळ बदलली आणि दुकान दिवसरात्र उघडं राहू लागलं. पत्ता तोच राहिला. खूण तीच राहिली. आणि खाली बाबांच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय आणि दिलेले तारे जसेच्या तसे राहिले. नोंद बळकावणाऱ्या कंपनीला बहुधा तेच हवे होते.

मी त्या नंबरवर फोन केला. एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की आम्ही औषधांच्या दुकानाला अगदी लागून आहोत. मी म्हटलं, औषधांच्या दुकानाला लागून असलेल्या घरातूनच मी बोलतेय. ती म्हणाली, "मग तर तुम्हाला फारच सोयीचं पडेल, मॅडम." मी तिला भिंतीचा रंग विचारला. तिने पिवळा सांगितला. आमची भिंत पिवळी होती तेव्हा बाबा हयात होते. तिच्या मागे आणखी कितीतरी मुलींचे आवाज येत होते. कोणी शाळेच्या समोर होती, कोणी पुलाच्या खाली, कोणी बँकेच्या वरच्या मजल्यावर. सगळ्या एकाच खोलीत बसल्या होत्या.

हे सगळं मी आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. "म्हणजे त्या पोरीला एका जागी बसून सगळीकडे राहायला लागतं," ती म्हणाली. "दमत असेल."

दारात आलेल्यांना आई खरं ते सांगत असे. ती कंपनी इथली नाही, कुठली आहे ते ठाऊक नाही. मग म्हणत असे, आलाच आहात तर पाणी प्या. लोक पाणी पीत, ओट्याजवळच्या स्टुलावर बसत, मशीन कसं मधेच थांबतं आणि कसा आवाज करतं ते सांगत. आई ऐकून घेई. बाबांच्या आजारपणात आणि नंतरही आमच्या दारात इतकी माणसं आली नव्हती. शेजारचे औषधवाले आईला वहिनी म्हणतात. ते एकदा काउंटरवरूनच म्हणाले की वहिनी, माझ्यापेक्षा तुमच्याकडे गर्दी जास्त, एक गोळ्यांची बरणी तुमच्याच ओट्यावर ठेवू का.

त्या थट्टेमागे काम होतं. औषधवाल्यांना बाबांचं दुकान विकत हवं होतं. मधली भिंत पाडली की त्यांचं दुकान सलग झालं असतं. त्यांनी खोटं काही केलं नव्हतं, भाव योग्य सांगितला होता, आणि बाबांच्या शेवटच्या दिवसांत मध्यरात्रीही शटर उघडून औषधं दिली होती. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला व्यवहार पसंत होता. मलाही होता. बंद खोलीत ओल धरते, लोखंड गंजतं, हे मी आईला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. धाकटा दर रविवारी सकाळी फोन करून विचारी, "आई, काय ठरलं?"

आई म्हणे, "बघू."

बाबांना जाऊन वर्ष उलटून गेलं तरी ते 'बघू' होतं तिथेच होतं. शून्य अंशावर बर्फ आणि पाणी एकाच भांड्यात राहू शकतात, कितीही वेळ, फक्त कोणी ऊब द्यायची नाही की काढून घ्यायची नाही. आईचं 'बघू' त्या तापमानाचं होतं.

मग 'कंपनी' आली.

'कंपनी' म्हणजे एक पन्नाशीचा माणूस होता. हे नाव त्याला आईने दिलं. आधी तो कुठेतरी टेम्पो चालवत असे, पाठ धरल्यावर ते सोडलं, आणि आता फोनवर निरोप येईल त्या घरी जाऊन मशीन उघडत असे. राहायला दोन गावं पलीकडे होता. मशीन उघडायचं ते त्याला कंपनीने एका व्हिडिओतून शिकवलं होतं. बंद करायचं पुढच्या व्हिडिओत होतं, तो अजून आला नव्हता. कंपनीचा नियम असा होता की प्रत्येक मशीनमधला एखादा भाग काढून 'वर्कशॉपला' न्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. वर्कशॉप कुठे आहे असं त्याने विचारल्यावर त्याला नकाशावरचाच पत्ता पाठवला गेला. कंपनीत कोणाची अशी अपेक्षा नसावी की तो खरोखर तिथे जाईल.

तो पिशवीत एक पंप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वर्कशॉप?"

दुसरी कोणी असती तर नाही म्हणाली असती. आई कणीक मळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "ठेवा तिथे, खिडकीपाशी."

यात तिचा दोष नव्हता. दुकानातून स्वयंपाकघरात यायला आतून एक दार आहे, आणि माझ्या लहानपणापासून बाबा त्या दारातून पंप आत आणून खिडकीपाशी ठेवत आलेले होते. मशीनमधलं घाण पाणी बाहेर फेकणारा तो एवढासा पंप. त्याच्या पंख्यात नाणी, बटणं, केसांच्या पिना, बाळाचे मोजे असं सगळं जाऊन अडकतं आणि मशीन पाण्याने भरलेलं तसंच उभं राहतं. पंप आला की खिडकीपाशी ठेवायचा, हे आईच्या हाताला ठाऊक होतं. कोणाचा आहे ते विचारायचं तिला नंतर सुचलं, आणि तोवर 'कंपनी' दुसऱ्या कामाला निघून गेलेला होता.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई वर्तमानपत्र पसरून बसली होती. पंप उघडलेला होता. बाजूला एक शर्टाचं बटण, एक पिन आणि कसलातरी धाग्यांचा गोळा नीट ओळीने मांडलेला होता.

मी विचारलं हे काय.

"बटण होतं," आई म्हणाली.

पिशवीवर गिऱ्हाइकाचा नंबर चिकटवलेला होता. आईने फोन करून पंप घेऊन जायला सांगितलं. ते गृहस्थ भांडायच्या तयारीनेच आले होते. स्वच्छ केलेला पंप आणि वेगळ्या पुडीत बांधलेलं बटण हातात पडल्यावर ते स्टुलावर बसले. बसवायचा कसा ते आईने त्यांना दोनदा सांगितलं. पैसे विचारले तेव्हा ती म्हणाली, कंपनी माझी नाही, मी कशाचे घेऊ.

पिशव्या येत राहिल्या. पंप आले, पट्टे आले, एकदा नुसताच एक दरवाजा आला. सर्किट बोर्ड आला की आई तो हात न लावता परत पाठवी, हे मला येत नाही म्हणून स्वच्छ सांगे. 'कंपनी' तिला मॅडम म्हणू लागला. त्याच्या दृष्टीने ऑफिस हेच होतं आणि ऑफिसात बसलेली बाई ती हीच. तो तिला कामाच्या वेळांबद्दल तक्रारी सांगे. पाठ फार दुखायला लागली तेव्हा त्याने तिच्याकडे रजा मागितली, आणि तिने दिली. पुढे कळलं की त्याने फोनवर 'मॅडमनी रजा दिलीय' असं कळवलं होतं. तिकडे कोणती मॅडम म्हणून थोडी शोधाशोध झाली. कोणालाच सगळे वरचे लोक माहीत नसल्यामुळे ती थांबली. त्यानंतर फोनवरची मुलगी 'तुमच्या मॅडमना विचारून घ्या' असं म्हणू लागली.

मी दरम्यान तक्रार केलेली होती. नकाशा चालवणाऱ्यांकडे तसा एक मार्ग असतो. 'हा व्यवसाय या ठिकाणी अस्तित्वात नाही' हे निवडायचं, कारण लिहायचं, पाठवायचं. मी कारण मुद्देसूद लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं की आम्ही परिसरातील लोकांकडून खात्री करून घेतली असून माहिती बरोबर आहे. मी दुसऱ्यांदा लिहिलं, बंद शटरचा फोटो जोडला. तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा तेच. परिसरातले लोक म्हणजे कोण हे मला समजेना. औषधवाल्यांना विचारलं, त्यांचा फोन अजून बटणांचा होता.

एका सुट्टीच्या सकाळी आईचा फोन वाजला. फोन आला नव्हता, नुसता टिंग असा आवाज. आईने हात पुसले, चष्मा लावला, पडद्यावर काहीतरी वाचलं, बोटाने एकदा दाबलं आणि चष्मा काढून ठेवला. मी जाऊन पाहिलं. नकाशाचा प्रश्न होता: 'येथे वॉशिंग मशीन दुरुस्ती होते का?' खाली 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' असे पर्याय होते, आणि आईने दिलेल्या उत्तराबद्दल तिचे आभार मानलेले होते.

"आई, तू हो म्हणालीस?"

"दर वेळी विचारतात."

"आणि तू दर वेळी हो म्हणतेस."

"मग काय म्हणू? होते की." तिने खिडकीकडे हात केला. खिडकीपाशी पंप होता.

मी तिला परत सगळं सांगितलं, यावेळी जरा सावकाश. नोंद खोटी आहे. कंपनी कुठली कोण. लोकांना फसवतात, बाबांच्या ताऱ्यांवर पैसे कमावतात, आणि तू त्यांचं काम फुकट करतेस. शिवाय तू ते चांगलं करतेस. मी फोनवर दाखवलं की गेल्या काही महिन्यांत कंपनीबद्दल नवे, फार चांगले अभिप्राय आलेले आहेत. एकाने लिहिलं होतं, 'माणूस धांदरट, पण ऑफिसमधल्या बाई हुशार.' मी म्हटलं, आपण फक्त गप्प राहिलो असतो तरी ती नोंद एव्हाना बुडाली असती.

"बुडाली की बाकीचंही जाणार का?" आईने विचारलं. "खालचं, जुनं?"

मला वाटलं तिला बाबांची आठवण पुसली जाण्याची भीती वाटतेय. मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, हो, जुने अभिप्रायही जातील, पण मी त्यांची चित्रं काढून ठेवीन, कागदावर छापून आणीन, हवं तर चौकट करून लावू.

आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि बोटाने खाली खाली जायला लागली. पार तळाशी, बाबांच्या वेळच्या अभिप्रायांपर्यंत. मग एकेक मोठ्याने वाचू लागली. 'काका वेळेवर आले, मशीन हलणं थांबलं.' "हा त्यांचा," ती म्हणाली. 'पंप नव्यासारखा करून दिला.' "हा माझा." 'पंपातून अंगठी सापडली, काकांनी प्रामाणिकपणे परत केली.' "ही मला सापडली होती. साबणाने धुवून मीच दिली." 'पट्टा बदलला, आवाज बंद.' "माझा." 'काकांनी चहासुद्धा घेतला नाही.' तिने थोडा विचार केला. "हा त्यांचाच. चहा मला सोडवला नसता."

असं करत ती वर आली. निम्म्याहून अधिक अभिप्राय तिचे निघाले. बाबांची नजर अधू झाल्यापासून बारीक काम सगळं स्वयंपाकघरातच होत होतं, हे मी घरात राहून पाहिलेलं होतं. पण ते काम म्हणून मोजलं जावं, असं मला कधी वाटलेलं नव्हतं. मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

चौकटीबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही.

त्या आठवड्यात मी सगळे नियम वाचून काढले. नोंद काढून टाकता येत होती, मग त्याबरोबर सगळंच जात होतं. किंवा ती परत आपल्या ताब्यात घेता येत होती. त्यासाठी मालकाने एक सलग व्हिडिओ पाठवायचा: आधी रस्ता दिसला पाहिजे, मग मालकाने स्वतःच्या किल्लीने दुकान उघडलेलं दिसलं पाहिजे, मग आतली हत्यारं. मधे थांबायचं नाही. पण ताब्यात घ्यायचं तर तिथे व्यवसाय चालू असला पाहिजे. बंद दुकानाची नोंद परत मिळत नाही. विकलेल्या दुकानाची तर नाहीच. हे मी आईला जेवताना सांगितलं. सल्ला दिला नाही, नुसते पर्याय सांगितले.

"बघू," आई म्हणाली.

रविवारी सकाळी औषधवाले एका गवंड्याला घेऊन आले. भिंत कोणती पाडायची, वरचा भार कशावर आहे, एवढंच नुसतं बघून जातो म्हणाले. सही नाही, काही नाही. धाकट्याला त्यांनीच फोन लावून ठेवला होता आणि आवाज मोठा केला होता. औषधवाल्यांनी दोन वाक्यं बोलून फोन स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला. त्यामुळे धाकटा त्यांच्या छातीतून बोलत होता. तेवढ्यात 'कंपनी'ही पिशवी घेऊन आला, कारण त्याला रविवार नव्हता. शटर उघडायला हवं होतं, सगळे तिथे उभे राहिले.

आई किल्ली घेऊन बाहेर आली. तिने धुतलेली साडी नेसली होती. किल्लीला तेल लावलेलं होतं, ते मला तिच्या बोटांवरून दिसलं.

"तुझा फोन आण," ती मला म्हणाली.

कशाला, असं मी विचारलं.

"शटर उघडायचंच आहे. तू म्हणालीस ना, उघडताना दिसलं पाहिजे. दोन दोनदा कोण उघडतंय."

मी फोन आणला. रस्त्यापासून सुरुवात केली, कारण नियम तसा होता. औषधांच्या दुकानाची पाटी, पाण्याचा पाइप, आमची राखाडी भिंत, स्वयंपाकघराची खिडकी, मग शटर. चौकटीत इतर लोक येऊ नयेत असंही नियमात होतं. आई म्हणाली, "भाऊजी, जरा बाजूला व्हा." औषधवाले बाजूला झाले. गवंडीही झाला. 'कंपनी' पिशवीसकट खाली वाकला.

कुलूप लगेच उघडलं. शटर मात्र अर्ध्यावर अडलं. 'कंपनी' उठू लागला तशी आईने हातानेच त्याला थांबवलं, खालच्या कोपऱ्यावर पायाने एक टोला दिला, आणि शटर वर गेलं. आत ओलीचा वास होता, माझा अंदाज बरोबर होता. भिंतीवर नट आवळायचे पाने मापाप्रमाणे टांगलेले होते, थोडे गंजलेले. आई टेबलामागे गेली. खुर्ची बाबांच्या उंचीची होती. तिने खालची चकती फिरवून खुर्ची उंच केली, बसून पाहिली, आणखी थोडी फिरवली. मी सगळं घेत होते, थांबायचं नव्हतं.

औषधवाल्यांनी दारातून आत डोकावून छताकडे पाहिलं आणि गवंड्याला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. गवंड्याने मोजपट्टी काढली. ती उघडल्याचा आवाज व्हिडिओत आहे.

खिशातून धाकट्याने विचारलं, "आई, काय ठरलं?"

बोलण्याची आवश्यकता नव्हती, नियमांत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. आईने चष्मा लावला. ती औषधवाल्यांकडे बघत नव्हती, त्यांच्या खिशाकडेही नाही. सरळ फोनकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होती.

"ठरलं," ती म्हणाली. "दुकान विकायचं नाही. उद्यापासून मी बसणार आहे इथे. दहा ते सहा, दुपारी बंद."